चुका स्वस्तात व्हाव्यात म्हणून

सप्टेंबर २०११मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाने डिडेरिक स्टापेल या नामांकित सामाजिक मानसशास्त्रज्ञाला निलंबित केलं. प्रयोग न करताच त्याने वर्षानुवर्षं आकडे रचले होते. चौकशी समितीचा अंतिम अहवाल पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात आला. त्याच्या ५५ शोधनिबंधांत बनवाबनवी सापडली, आणि त्याच्या हाताखाली झालेले १० पीएचडी प्रबंधही अशाच आकड्यांवर उभे असल्याचं स्पष्ट झालं. प्रबंध लिहिणाऱ्यांनी स्वतः लबाडी केली नव्हती. माहिती गोळा करण्याचं काम सर स्वतःकडे घेत आणि तयार आकडे विद्यार्थ्यांच्या हाती देत. एवढा मोठा माणूस आपले कष्ट वाचवतोय, यात वावगं काय, असं कुणालाही वाटलं असतं. तरीही हे प्रकरण उघडकीला आणलं ते त्याच्याच विभागातल्या तीन तरुण संशोधकांनी. त्यांनी कित्येक महिने शांतपणे निरीक्षण केलं, पुरावे जुळवले आणि मग विभागप्रमुखांचं दार ठोठावलं. नवख्या संशोधकाची सगळी कोंडी या प्रकरणात दिसते. शंका घ्यायची की नाही, घेतली तर कुणाजवळ बोलायची, आणि बोललो तर आपल्या पदवीचं, शिफारसपत्राचं, पुढच्या नोकरीचं काय होईल, हे प्रश्न सर्वांत आधी त्याच्यासमोर येतात. त्यांना तोंड देण्याचा सराव मात्र त्याला कुणीच दिलेला नसतो.

पीएचडी करणारे विद्यार्थी, नुकतीच पदवी हाती आलेले पोस्टडॉक आणि नव्याने रुजू झालेले सहायक प्राध्यापक यांना विद्यापीठं पुष्कळ काही शिकवतात. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, संदर्भ देण्याच्या रीती, वाङ्मयचौर्य तपासण्याची सॉफ्टवेअरं असं सगळं कोर्सवर्कमध्ये येतं. पण संशोधकाच्या रोजच्या आयुष्यातले अवघड प्रसंग या मथळ्यांत बसत नाहीत. पेपरवर कुणाचं नाव आधी टाकायचं, न जुळणाऱ्या नोंदींचं काय करायचं, ईमेलवर आमंत्रण देणारं जर्नल खरं की पैसे उकळणारं, गाईडला ‘नाही’ कसं म्हणायचं, हे प्रसंग नियम पाठ असूनही अडवतात. तिथे विवेक लागतो आणि विवेक सरावाने येतो. आजवर तो गाईडच्या सहवासात आपोआप येतो असं आपण धरून चाललो. गाईड चांगला असला तर येतोही. नसला तर विद्यार्थी त्याच्या वाईट सवयीही तितक्याच निष्ठेने उचलतो. शिवाय अशा प्रसंगाशी त्याची पहिली गाठ पडते तेव्हा प्रसंग खरा असतो आणि चूक महागात पडते. म्हणूनच माझं म्हणणं असं आहे की, संशोधकाला घडवताना निर्णयांची रंगीत तालीम घेतली पाहिजे आणि त्यासाठी आज आपल्याजवळ असलेलं सर्वांत स्वस्त, सर्वांत हाताशी असलेलं साधन म्हणजे नीट रचलेला, गटात बसून खेळायचा खेळ.

याचं सगळ्यांत साधं उदाहरण स्टापेलच्याच देशातलं आहे. टिलबर्गचं प्रकरण ताजं असताना, २०१२मध्ये रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठातही एका प्राध्यापकाला संशोधनातल्या गैरप्रकारांवरून पद सोडावं लागलं. त्यानंतर या विद्यापीठाने ‘डिलेमा गेम’ हा पत्त्यांचा खेळ तयार केला आणि २०२०मध्ये तो मोबाइल अ‍ॅपच्या रूपातही खुला केला. रचना अगदी सुटसुटीत आहे. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण पेचप्रसंग वाचून दाखवतो, त्याखाली चार पर्याय असतात. प्रत्येकाने मनाशी एक पर्याय ठरवायचा आणि सर्वांनी एकाच वेळी आपला पत्ता उघडायचा. मग ज्याने त्याने आपली बाजू मांडायची. हवं तर चर्चेनंतर मत बदलायचं. बरोबर उत्तराचा कागद नसतो आणि कुणी जिंकत नाही. युरोपात संशोधन-सचोटीचे प्रशिक्षक तयार करण्याच्या एका मोठ्या प्रकल्पातही या खेळाचं सुधारित रूप वापरलं गेलं आहे.

हे जवळून पाहायचं तर त्याच धर्तीचा एक पेच आपण रचून बघू. तुम्ही पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहात. बारा नमुन्यांपैकी दहा अपेक्षेप्रमाणे वागले, दोन भलतीकडेच गेले. ते दोन वगळले तर निष्कर्ष स्वच्छ निघतो, ठेवले तर काहीच सिद्ध होत नाही. त्या दिवशी उपकरण कुरकुरत होतं असं अंधूक आठवतं, पण लॅबच्या वहीत तशी नोंद नाही. गाईड म्हणतात, “अरे, ते दोन काढून टाक, सगळेच काढतात. शुक्रवारी पेपर पाठवायचाय.” पर्याय चार. एक, वगळून पाठवायचा. दोन, वगळायचे, पण कारण देऊन तसं पेपरात लिहायचं. तीन, दोन्ही प्रकारचं विश्लेषण छापायचं. चार, थांबायचं आणि प्रयोग पुन्हा करायचा. दुसरा पर्याय वाचताक्षणी प्रामाणिक वाटतो. पण टेबलावरचा कुणीतरी विचारतो, “कारण म्हणून लिहिणार काय? उपकरण बिघडल्याची नोंदच नाही ना. ते दोन आकडे मनासारखे आले असते, तर तुला बिघाड आठवला असता का?” चौथा पर्याय निवडणाऱ्याला दुसरी म्हणते, “फेलोशिप तीन महिन्यांत संपतेय, रसायनं संपलीत. आणि पुन्हा केल्यावरही दोन नमुने फसले तर तिसऱ्यांदा करणार? मनासारखं उत्तर येईपर्यंत प्रयोग करत राहणं हीदेखील आकड्यांशी केलेली छेडछाडच.” तिसऱ्या पर्यायाची बाजू घेणाऱ्याला विचारलं जातं, “गाईडच्या संमतीशिवाय हे छापणार कसं? त्यांच्याशी बोलताना पहिलं वाक्य काय असेल ते आत्ता म्हणून दाखव.” वीसेक मिनिटांत नोंदवहीचं मोल, नमुने वगळण्याचा निकष आधीच ठरवून ठेवण्याची गरज आणि वरिष्ठांशी बोलायची भाषा, असे तीन धडे टेबलावर आलेले असतात आणि ते कुणीही व्याख्यान म्हणून दिलेले नसतात.

या वीस मिनिटांची ताकद कशात आहे? सगळ्यांनी एकदम पत्ते उघडल्यामुळे कुणी कुणाच्या मागे लपू शकत नाही. एरवी चर्चेत आधी मोठा माणूस बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. इथे सर्वांत धाकट्याचं मतही आधीच टेबलावर पडलेलं असतं. निवड केली की तिची जबाबदारी घ्यावी लागते. ‘सचोटी पाळावी’ हे वाक्य कुणीही परीक्षेत लिहील, पण आपण पहिला पर्याय का निवडला हे समोरासमोर सांगताना स्वतःच्याच सबबी ऐकू येऊ लागतात. आणि प्रसंग काल्पनिक असल्यामुळे माणूस मोकळा होतो. आपल्याच लॅबमधलं दुखणं तो ‘समजा असं झालं तर’ या आडोशाने बोलू शकतो.

खेळातून गंभीर गोष्ट शिकवण्याची कल्पना नवी नाही. प्रशियाच्या सैन्याने १८२४च्या सुमारास रणनीतीच्या सरावासाठी नकाशावरचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आणला. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांनी १९५०च्या दशकापासून धंद्याचे निर्णय घेण्याचे खेळ वापरले. आपल्याकडचा मोक्षपट, ज्याचं नातं परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडलं जातं, सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप यांतून आचारधर्मच सांगत होता. पण मोक्षपटात कवड्या पडतील तसं सरकायचं असतं, खेळणाऱ्याच्या हाती निवड नसते. संशोधकासाठीच्या खेळात नेमकी ती निवडच त्याच्या हाती दिलेली असते. ब्रिटनमधले ग्रंथपाल आणि कॉपीराइटचे जाणकार जेन सेकर व ख्रिस मॉरिसन यांनी २०१७मध्ये आणलेला ‘द पब्लिशिंग ट्रॅप’ हा पटावरचा खेळ घ्या. गट एका काल्पनिक संशोधकाची भूमिका घेतो आणि पीएचडी सादर करण्यापासून थेट मृत्यूनंतरपर्यंत त्याचं आयुष्य चालवतो. प्रबंध खुला ठेवायचा का, पेपर कुठे छापायचा, पुस्तकाच्या करारावर सही करताना हक्क कुणाला द्यायचे, असे टप्पे येतात आणि प्रत्येक निर्णयावर पैसा, प्रभाव आणि ज्ञान या तीन हिशेबांत भर पडते किंवा घट होते. तिन्ही एकदम वाढत नाहीत. प्रकाशकाचा करार न वाचता सही करणाऱ्याला त्याची किंमत तासाभरात दिसते. खऱ्या आयुष्यात ती कळायला वीस वर्षं लागतात. अमेरिकेच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने २०११मध्ये काढलेला ‘द लॅब’ हा संवादी चित्रपटही याच जातीचा आहे. त्यात विद्यार्थिनी, पोस्टडॉक, प्रयोगशाळेचे प्रमुख किंवा सचोटी अधिकारी यांपैकी एक भूमिका घ्यायची आणि चित्रपट थांबेल तिथे निर्णय घ्यायचा. त्यातला पोस्टडॉक भारतीय आहे, हार्दिक राव नावाचा.

आता पुरावा. खेळ म्हणजे जादूची कांडी नव्हे आणि संशोधनही तसं म्हणत नाही. ट्रेसी सिट्झमन यांनी २०११मध्ये संगणकावरच्या प्रशिक्षण-खेळांच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. खेळातून शिकलेल्यांचा आत्मविश्वास तुलनेच्या गटापेक्षा २० टक्के, कार्यपद्धतीचं ज्ञान १४ टक्के, माहितीचं ज्ञान ११ टक्के आणि लक्षात राहण्याचं प्रमाण ९ टक्के जास्त निघालं. पण त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे आणि तो खेळाच्या समर्थकांनी विसरू नये. जिथे तुलनेच्या गटाला शांत बसवून न ठेवता करून शिकायला लावलं होतं, तिथे खेळ मागे पडला. दोन वर्षांनी पीटर वाउटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर हेतूच्या खेळांचं असंच विश्लेषण केलं. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा खेळातून जास्त शिकलं गेलं, जास्त टिकलं, मात्र खेळामुळे विद्यार्थ्यांचा उत्साह वाढला असं काही सिद्ध झालं नाही. फायदा कुठे जास्त दिसला? खेळ एकदाच न खेळता पुन्हा पुन्हा खेळला तिथे, सोबत इतर शिकवणीही होती तिथे आणि एकट्याऐवजी गटाने खेळला तिथे. हे सगळं जोडून वाचलं की गैरसमज दूर होतो. ‘मुलांना मजा येते म्हणून खेळ’ हा युक्तिवाद कच्चा आहे. शिकवतं ते स्वतः निवड करणं आणि त्यावर बोलणं. खेळ हा ते घडवून आणायचा सोयीचा सांगाडा आहे.

पहिला आक्षेप लगेच येतो. सचोटीसारखा गंभीर विषय पत्त्यांवर मांडला तर त्याचं हसं होणार नाही का? मला उलट वाटतं. वैमानिकाला शंभर माणसं घेऊन उडण्याआधी सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पडण्याचा अनुभव देतात. त्याने कुणाला विमानप्रवास हलका वाटू लागत नाही. हसं होतं ते गुणांच्या तक्त्याने. ‘सर्वांत प्रामाणिक संशोधकाला पहिलं बक्षीस’ अशी स्पर्धा लावली की विद्यार्थी गुण कसे मिळतील तेच शोधणार, आणि संशोधनक्षेत्राचं मूळ दुखणं हेच आहे. आपल्याकडे २०१०मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) प्राध्यापकांच्या बढतीसाठी शैक्षणिक कामगिरी मोजणारे ‘एपीआय’ गुण आणले, तेव्हा गुण मोजले जातात म्हणून पेपर छापण्याची कशी लाट आली, हे विद्यापीठांतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून या कामासाठी गुण, तक्ते आणि विजेते नसलेले खेळच निवडावेत. ‘पब्लिशिंग ट्रॅप’सारखे हिशेब ठेवणारे खेळ वापरले तर त्या हिशेबावरच चर्चा घ्यावी.

दुसरा आक्षेप पुराव्याच्या तोकडेपणाचा आहे आणि तो खरा आहे. गैरप्रकार रोखणाऱ्या उपायांचा २०१६मध्ये झालेला कॉक्रेन आढावा सांगतो की या क्षेत्रातला पुरावा दर्जाने कमकुवत आहे. प्रशिक्षणाने मतं आणि जाण बदलल्याचं काही ठिकाणी दिसतं, वागणं बदलल्याचं खात्रीने दाखवता येत नाही. पण हा आक्षेप व्याख्यानालाही तितकाच लागू होतो, आणि व्याख्यान तर आपण विनापुरावा वर्षानुवर्षं देतच आलो आहोत. विज्ञानशाखांतल्या नीतिशिक्षणाचं २००९मधलं एकत्रित विश्लेषण सांगतं की एकूण परिणाम माफक असतो, पण प्रत्यक्ष प्रसंगांवर विचार करायला आणि एकमेकांशी देवाणघेवाण करायला लावणारं शिक्षण त्यातल्या त्यात उजवं ठरतं. पुरावा थोडा असताना शहाणपण हेच की, तो ज्या दिशेने झुकतो तिकडे छोटं पाऊल टाकावं आणि काय घडतं ते मोजावं. याच पुराव्यातला एक इशाराही घ्यायला हवा. अमेरिकेतल्या ५३ संस्थांमधल्या जीवशास्त्राच्या २९४ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला घेतलेल्या छोट्या, घाऊक शिबिरांनी त्यांच्या कौशल्यांत किंवा कामात मोजता येईल असा काहीच फरक पडला नव्हता. म्हणजे वर्षातून एकदा हॉलमध्ये खेळाचा दिवस साजरा करून फोटो काढले, तर हाती काही लागणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. दोष व्यवस्थेचा आहे, पेपरच्या संख्येचा, वरिष्ठांच्या सत्तेचा, अस्थिर नोकऱ्यांचा. मग धाकट्यांना खेळ खेळायला लावणं म्हणजे जबाबदारी त्यांच्याच गळ्यात मारणं नाही का? नेदरलँड्समध्ये सुमारे ६,८०० संशोधकांच्या सर्वेक्षणात निम्म्याहून थोड्या अधिक जणांनी एखादी तरी संशयास्पद पद्धत वरचेवर वापरल्याचं कबूल केलं आणि अशा वागण्याची शक्यता पीएचडी विद्यार्थी व कनिष्ठ संशोधकांत जास्त आढळली. प्रकाशनाचा दबाव जास्त तिथे हे प्रमाणही जास्त होतं. तेव्हा दबाव कमी करण्याला पर्याय नाही, हे मान्यच केलं पाहिजे. पण याच सर्वेक्षणात संशोधनाचे मूलभूत संकेत मनापासून मानणाऱ्यांकडून गैरप्रकार कमी घडल्याचंही दिसलं. संकेत मनात रुजतात ते आपल्यासारख्याच चार जणांसमोर ते उच्चारल्याने, त्यांच्यासाठी वाद घातल्याने. दुसरं असं की, हा खेळ धाकट्यांपुरता ठेवायचं काहीच कारण नाही. ‘द लॅब’मध्ये प्रयोगशाळाप्रमुखाची भूमिका मुद्दाम ठेवली आहे. दुसऱ्या विभागातले गाईड टेबलावर बसले आणि त्यांनाही आपला पत्ता सर्वांसोबतच उघडावा लागला, तर व्यवस्थेचा एक दगड तरी हलतो. स्वतःच्याच गाईडसमोर विद्यार्थी मोकळं बोलणार नाही, हे आपल्याकडच्या वातावरणात गृहीत धरावं आणि गट त्याप्रमाणे पाडावेत.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. डिसेंबर २०१९मध्ये यूजीसीने पीएचडीच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात सहा घटक आहेत आणि शिकवण्याच्या पद्धतींत गटचर्चेला व प्रात्यक्षिकाला जागा ठेवलेली आहे. म्हणजे खेळासाठी नवा ठराव, नवा निधी, नवं दालन यांतलं काहीच लागत नाही. गरजही वाढली आहे. मान्यताप्राप्त जर्नलांच्या यूजीसीच्या जुन्या यादीची तपासणी पुण्यातल्या अभ्यासकांच्या पुढाकाराने झाली, तेव्हा विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या जर्नलांच्या निवडक नमुन्यातली ८८ टक्क्यांहून अधिक सुमार दर्जाची ठरली. २०१८मध्ये यूजीसीने त्या यादीतून ४,३०५ जर्नलं वगळली. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून जर्नलांच्या नव्या, ‘केअर’ नावाच्या यादीचं काम चाललं. फेब्रुवारी २०२५मध्ये ती यादीही बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि जर्नल निवडण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर आली. आजवर विद्यार्थी ‘यादीत आहे का’ एवढंच पाहायचा. आता त्याला संपादक मंडळ, परीक्षणाची पद्धत, शुल्क, आधीचे अंक पाहून स्वतः ठरवायचं आहे. पाच जर्नलांची खरी-खोटी आमंत्रणपत्रं टेबलावर ठेवून, चौघांच्या गटाला अर्ध्या तासात ‘कुठे पाठवाल आणि का’ हे ठरवायला लावणारा मराठी खेळ कुठल्याही विभागाला एका दुपारी रचता येईल. चर्चा मराठीत झाली की इंग्रजीच्या धाकाने गप्प बसणारी जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलंही बोलती होतील.

त्यासाठी एवढंच करावं. ३० तासांतले सहा तास पेचप्रसंगांच्या खेळाला राखून ठेवावेत आणि ते एकाच दिवशी न उरकता दोन सत्रांत पसरावेत. खेळाला जेवढा वेळ, निदान तेवढाच वेळ नंतरच्या चर्चेला द्यावा. पेच आपल्या मातीतले असावेत. गाईडच्या मित्राचं नाव लेखकांत घालण्याची विनंती, क्षेत्रकार्यात न भेटलेल्या कुटुंबाच्या भरलेल्या प्रश्नावल्या, दुसऱ्याच्या प्रबंधातून ‘थोडंसं’ उचललेलं प्रकरण, यांची वानवा नाही. विद्यार्थ्यांच्या तयारीची नोंद आधी व नंतर घ्यावी आणि वर्षाने पुन्हा घ्यावी, म्हणजे पुढच्या तुकडीसाठी आपला स्वतःचा पुरावा तयार होईल. टिलबर्गच्या त्या तिघांना विभागप्रमुखांपर्यंत जाण्याचं बळ कुठून आलं, हे कुठल्याही अभ्यासक्रमाला सांगता येणार नाही. पण तशा क्षणी काय विचारायचं, कोणाकडे जायचं आणि पहिलं वाक्य कसं बोलायचं, एवढी तयारी प्रत्येक विद्यार्थ्याला देणं विद्यापीठाच्या हातात आहे, आणि पीएचडीची पदवी देणाऱ्या संस्थेचं ते कर्तव्यच आहे.